दोन बाथरूमचे पॅकेज आणि तिसऱ्या मजल्यावरचा राडारोडा

प्रश्न : मी स्थापत्य पदविकाधारक असून नोकरी सोडून नाशिकमध्ये जुन्या सदनिकांच्या नूतनीकरणाची कामे घेतो. एका ज्येष्ठ मित्राने मला त्याची एक्सेल फाइल दिली आहे. तीत बाथरूम, स्वयंपाकघर, फरशी, वीज, रंग अशी तयार पॅकेजे आहेत. प्रत्येकात लागणाऱ्या बाबींची यादी आणि तळाशी एक रक्कम. बाथरूमचे पॅकेज ४ बाय ७ फुटांचे आहे. प्रत्यक्ष माप वेगळे असेल तर मी ती रक्कम चौरस फुटांच्या प्रमाणात कमी-जास्त करतो. अंदाजपत्रक तासाभरात तयार होते. परंतु मागच्या एका कामात (लिफ्ट नसलेली इमारत, तिसरा मजला, ४ बाय ५ ची दोन बाथरूम) मला पदरचे पैसे घालावे लागले, आणि त्याच सुमारास ५ बाय ८ च्या बाथरूमसाठी दिलेला आकडा एका ग्राहकाने फार महाग म्हणून नाकारला. पॅकेजवरून अंदाज काढणे ही पद्धतच चुकीची आहे का? तयार संच असलेले एखादे अमेरिकी सॉफ्टवेअर घ्यावे का? पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका टू बीएचकेचे अंदाजपत्रक द्यायचे आहे. मालकांचे म्हणणे आहे की गळती नाही, बाथरूमच्या फक्त टाइल बदलायच्या आहेत.

— एक वाचक, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पद्धत चुकीची नाही, आणि आपल्या वर्णनावरून मित्राची फाइलही चांगली दिसते. चूक आहे ती पॅकेजच्या तळाशी असलेली रक्कम उचलून तिला चौरस फुटांच्या प्रमाणात ताणण्यात. तोट्यात गेलेले काम आणि हातचे निसटलेले काम या दोन्हींच्या मुळाशी बऱ्याच अंशी हीच सवय आहे.

तयार बाबींवरून अंदाज काढणे यात कमीपणाचे काहीच नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग दरसूचीबरोबर दरांचे पृथक्करणही प्रसिद्ध करतो. ठरावीक क्षेत्राच्या प्लास्टरला सिमेंट किती, वाळू किती, गवंडी आणि बिगारी किती दिवस, किरकोळ खर्च किती, पाण्यासाठी १ टक्का, ठेकेदाराचा नफा व आस्थापना खर्च मिळून १५ टक्के, असे सगळे त्यात ओळीने मांडलेले असते. म्हणजे दरसूचीत एका ओळीत दिसणारे ‘प्लास्टर’ हेच मुळात एक छोटे पॅकेज आहे आणि आपले बाथरूमचे पॅकेज त्याच्या एक पायरी वरचे. मात्र सरकारी पृथक्करणातली प्रत्येक ओळ कोणत्या ना कोणत्या मापाला बांधलेली असते. आपल्या फाइलीत ते माप एकदाच, ४ बाय ७, असे गृहीत धरले गेले आणि पुढे कोणी त्याच्याकडे वळून पाहिले नाही.

आता आपलीच तीन बाथरूम शेजारी शेजारी ठेवून पाहू. डॅडो, म्हणजे भिंतींवरची टाइल, सात फुटांपर्यंत आणि दरवाजा अडीच बाय सात फुटांचा धरतो. खिडकी तूर्त सोडून देतो.

मूळ पॅकेजमधल्या ४ बाय ७ च्या बाथरूमची जमीन २८ चौरस फूट आहे. भिंतींचा घेर २२ फूट, म्हणून सात फूट उंचीपर्यंत १५४ चौरस फूट आणि दरवाजाचे १७.५ वजा केल्यावर १३६.५ चौरस फूट डॅडो. ५ बाय ८ च्या बाथरूमची जमीन ४० चौरस फूट, घेर २६ फूट आणि निव्वळ डॅडो १६४.५ चौरस फूट. जमीन ४३ टक्क्यांनी वाढली, डॅडो मात्र जेमतेम साडेवीस टक्क्यांनी. आणि कमोड, बेसिन, डायव्हर्टर, शॉवर, नहाणी ट्रॅप, गीझरचा पॉइंट यांची संख्या तीच राहिली. आपण सगळ्या रकमेलाच ४३ टक्के वाढ लावलीत, म्हणजे कमोडसुद्धा जवळजवळ दीडपट महाग केला. ग्राहकाने तो आकडा नाकारला याचे मला नवल वाटत नाही.

हेच गणित उलट्या बाजूने आपल्या अंगावर आले. ४ बाय ५ ची जमीन २० चौरस फूट, म्हणजे २८ पेक्षा सुमारे २९ टक्क्यांनी कमी, आणि तेवढीच घट आपण पूर्ण पॅकेजला दिलीत. डॅडो मात्र १०८.५ चौरस फूट, म्हणजे साधारण साडेवीस टक्क्यांनीच कमी, आणि नळ-कमोडांत घट शून्य. प्लंबरही ‘बाथरूम लहान आहे’ म्हणून मजुरी कमी घेत नाही. उलट अशा अडचणीच्या जागेत एका वेळी एकच माणूस काम करू शकतो, त्यामुळे मिस्त्रीचे दिवस तेवढेच राहतात. लहान बाथरूमचा चौरस फुटाचा दर नेहमीच जास्त पडतो, आणि अशी दोन बाथरूम एकाच घरात असली की तोटाही दुप्पट होतो.

यावर उपाय म्हणून पॅकेजमधल्या बाबी मापाच्या जातीनुसार वेगळ्या कराव्यात. काही बाबी नगावर जातात : कमोड, बेसिन, अँगल कॉक, ट्रॅप, विजेचे पॉइंट, दरवाजा. काही धावत्या फुटावर जातात : गरम-गार पाण्याच्या लाइन, सांडपाण्याचा पाइप, पाइपासाठी भिंतीत केलेले चेसिंग (खाचा), उंबऱ्याची ग्रॅनाइट पट्टी. काही चौरस फुटावर जातात : टाइल, प्लास्टर, जलरोधक थर, फॉल्स सीलिंग. आणि काही खर्च मापावर अवलंबूनच नसतात, पूर्ण कामाला एकदाच येतात. टेम्पोची पहिली फेरी, जिना व लिफ्टला संरक्षक आच्छादन, सोसायटीची परवानगी, कामाच्या शेवटी होणारी सफाई ही त्यांची उदाहरणे आहेत. फाइलीच्या वरच्या भागात लांबी, रुंदी, टाइलची उंची, दरवाजा-खिडक्यांची मापे आणि नगांची संख्या एवढ्याच रकान्यांत आकडे भरायचे आणि खालचे प्रत्येक परिमाण सूत्राने निघेल अशी मांडणी आपण एका रविवारी बसून करू शकाल. त्यानंतरही अंदाजपत्रक तासाभरातच होईल.

टाइलच्या उंचीचा रकाना मी मुद्दाम वेगळा सांगितला. ‘पूर्ण टाइल’ हा शब्द ग्राहक एका अर्थाने वापरतो आणि आपण दुसऱ्या अर्थाने. त्याच ४ बाय ७ च्या बाथरूममध्ये सात फुटांऐवजी छतापर्यंत, म्हणजे नऊ फूट, टाइल लावायची ठरली की डॅडो १३६.५ वरून १८०.५ चौरस फुटांवर जातो. ही वाढ जवळजवळ एक तृतीयांश आहे. ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या टाइलचा खोका बहुधा पाच नगांचा, म्हणजे ०.९ चौरस मीटर किंवा ९.७ चौरस फुटांचा असतो. कापाकापी आणि फुटतूट यांसाठी १० टक्के धरले तर पहिल्या उंचीला १६ खोके लागतात आणि दुसऱ्या उंचीला २१. दुकानदार सुटी टाइल देत नाही, त्यामुळे पॅकेजमध्ये चौरस फुटांनंतर खोक्यांचा पूर्णांक काढणारा रकाना हवाच. चौरस फुटांत अचूक असलेला अंदाज दुकानात पोचेपर्यंत एक-दोन खोक्यांनी चुकतो, आणि महाग टाइल असेल तर ती चूक लहान राहत नाही.

आता त्या तिसऱ्या मजल्याकडे वळतो, कारण आपला मोठा तोटा तिथे झाला असावा. आपण पाठवलेल्या यादीत ‘तोडफोड व राडारोडा — एकरकमी’ अशी एकच ओळ आहे. ही ओळ पॅकेजमधून काढून टाका, आणि पुन्हा कधीही कोणत्याही पॅकेजमध्ये घालू नका.

तिचे माप काढून पाहिले म्हणजे कारण लक्षात येईल. आपल्या दोन बाथरूमपैकी एक घ्या. संकन स्लॅबमधली (बाथरूमखालचा खोलगट स्लॅब, ज्याच्या भरीत पाइप असतात) जुनी भर एक फूट खोल धरली तर २० चौरस फुटांतून २० घनफूट घट्ट माल निघतो. भिंतींवरची जुनी टाइल आणि तिच्यामागचे प्लास्टर मिळून दोन इंच धरले तर १०८.५ चौरस फुटांतून साधारण १८ घनफूट. हे ३८ घनफूट फोडल्यावर मोकळे होऊन दीडपट, म्हणजे ५७ घनफूट भरतात. दोन बाथरूमचे ११४ घनफूट, म्हणजे एक ब्रासपेक्षाही (१०० घनफूट) जास्त. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण एक घनफूट राडारोडा आणि पस्तीस किलोच्या आसपास वजन धरले तर एकशे दहा-पंधरा गोण्या आणि सुमारे चार टन वजन झाले. ते बिगाऱ्यांनी तीन मजले जिन्याने खाली नेले, आणि नंतर कोब्यासाठी विटांचे तुकडे, क्रश सँड, सिमेंट, टाइलचे खोके हे सगळे त्याच जिन्याने वर आणले. लिफ्ट असलेल्या, तळमजल्यावर टेम्पो लागतो अशा इमारतीसाठी मित्राने लिहिलेली एकरकमी ओळ इथे पुरणे शक्यच नव्हते. त्याने ती त्याच्या कामांसाठी लिहिली होती, आणि त्याच्या कामांपुरती ती बरोबरही असेल.

तोडफोडीसाठी फाइलीत स्वतंत्र पान करा. त्यात तीन दर असावेत : टाइल व प्लास्टर काढण्याचा चौरस फुटाचा दर, संकनमधली भर काढण्याचा घनफुटाचा दर आणि गोणी उतरवण्याचा दर मजल्यागणिक. शेवटी टेम्पोच्या फेऱ्या. त्यांत महापालिकेने ठरवून दिलेल्या जागेपर्यंतचे अंतर धरलेले असावे, रात्री रस्त्याच्या कडेला ओतून येण्याचे नव्हे.

संकनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिच्यासमोर कोणतेही पॅकेज हात टेकते : आत काय आहे ते फोडल्याशिवाय दिसत नाही. भर नऊ इंचांची निघते की दीड फुटाची, जुना पाइप बीडाचा आहे की प्लास्टिकचा, तळाच्या स्लॅबची सळई गंजली आहे का, यांपैकी काहीही वरून कळत नाही. काही जुन्या इमारतींत तर संकन नसतेच. ट्रॅप आणि सांडपाण्याची लाइन स्लॅबखाली, म्हणजे खालच्या शेजाऱ्याच्या छताला लटकलेली असते. अशा वेळी लाइन बदलायची तर काम त्यांच्या घरात करावे लागते, त्यांचे फॉल्स सीलिंग उघडावे लागते, आणि त्यांच्या सवडीनेच ते उघडले जाते. म्हणून संकनच्या आतील कामाची रक्कम अंदाजपत्रकात निश्चित म्हणून देऊ नये. परिमाण गृहीत धरून तात्पुरती रक्कम दाखवावी, शेजारी एककाचा दर लिहावा आणि ‘फोडल्यानंतर मालकांच्या समक्ष मोजमाप होऊन या दराने आकारणी होईल’ हे वाक्य मालकांच्या सहीसह घ्यावे. जलरोधक थरानंतर पाणी साठवून केली जाणारी चाचणी किमान ४८ तासांची धरा आणि ते दोन दिवस वेळापत्रकात दाखवा. त्या काळात टाइलचा मिस्त्री दुसरीकडे जाणार असेल तर तो लगेच परत येईलच अशी आशा वेळापत्रकात धरू नका.

स्वयंपाकघराच्या पॅकेजमध्ये इतका धोका नाही, पण एल आकाराच्या ओट्याचा कोपरा दोनदा मोजला जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. एक बाजू ८ फूट, दुसरी ६ फूट आणि रुंदी २ फूट असेल तर बाहेरून मोजून १४ धावते फूट म्हणजे २८ चौरस फूट ग्रॅनाइट होते. प्रत्यक्षात कोपऱ्यातले ४ चौरस फूट दोन्ही बाजूंत आलेले असतात, आणि लागतात २४. ग्रॅनाइटवाला कसे मोजणार आणि आपण ग्राहकाला कसे मोजून देणार, हे दोन्ही आधीच ठरवून लिहा. पुढची कड गोल करण्याचे मोल्डिंग धावत्या फुटावर आणि सिंक व शेगडीचे कटआउट नगावर घ्यावेत. ट्रॉल्या व कपाटांच्या दरात खरा फरक पडतो तो प्लायवूड, बिजागऱ्या आणि चॅनेल यांमुळे. म्हणून ‘चांगल्या प्रतीचे प्लाय’ असे न लिहिता ‘आयएस ७१० प्रतीचे, १८ मिलिमीटर’ असे (आयएस म्हणजे भारतीय मानक) लिहावे आणि बिजागरी-चॅनेलची कंपनी व मालिका नमूद करावी. दोन ठेकेदारांच्या पॅकेजांत लाखाचा फरक दिसला तर मी आधी हीच ओळ पाहतो.

रंग आणि वीज यांची पॅकेजे सर्वांत कमी त्रास देतात. रंगाला फोनवरच्या अंदाजासाठी कार्पेट क्षेत्राच्या साडेतीन पट हा आडाखा वापरायला हरकत नाही, मात्र अंदाजपत्रक भिंती मोजूनच द्यावे. प्लास्टरसाठी आयएस १२०० मधील मोजणीची पद्धत स्वीकारली तर उघड्यांच्या, म्हणजे दारे-खिडक्यांच्या, वजावटीवरून वाद होत नाहीत. तिच्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्याची वजावट करत नाहीत, म्हणजे बाथरूमची २ बाय २ फुटांची खिडकी तशीच धरली जाते. जुना चुना किंवा डिस्टेंपर खरवडणे ही वेगळी बाब ठेवा. विजेचे काम पॉइंटवर द्या, पण गीझर आणि एसीच्या जाड तारेच्या लाइन साध्या पॉइंटमध्ये मिसळू नका. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागणार असेल तर तो अर्ज व शुल्क मालकांचे, हे आधीच लिहिलेले बरे.

अमेरिकी सॉफ्टवेअरबद्दल विचारलेत. ते घेऊ नये असे माझे मत आहे. तिथल्या घरांतल्या आतल्या भिंती बहुतेक लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या असतात, पाइप आणि तारा त्या पोकळीतून जातात, आणि संचांमधली मजुरी तासांत मोजलेली असते. आपल्याकडे वीट किंवा ब्लॉकची भिंत, तिच्यातले चेसिंग, वरून पुन्हा प्लास्टर, आणि मजुरी कुठे रोजावर, कुठे पॉइंटवर, कुठे चौरस फुटाच्या ठेक्यावर. त्या संचांतले दर तर उपयोगाचे नाहीतच, बाबींची यादीही अर्धी बदलावी लागेल. एका मापावरून अनेक परिमाणे सूत्राने काढण्याची त्यांची रचना घेण्यासारखी आहे, आणि ती एक्सेलमध्ये फुकट करता येते.

आता दरांविषयी. पॅकेजमधल्या प्रत्येक दरासमोर तो कोणत्या तारखेला, कोणाकडून घेतला हे लिहिलेले नसेल तर ती फाइल कितीही सुबक असली तरी तिच्यावर विसंबू नये. उदाहरणार्थ, सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आपल्या मित्राची फाइल त्याआधीची असेल तर सिमेंट लागणाऱ्या प्रत्येक ओळीत जुना कर दडलेला आहे.

कराचा दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि ५ बाय ८ च्या ग्राहकाने महाग म्हणण्यामागे त्याचाही हात असू शकतो. आपण नियमित योजनेत नोंदणीकृत असाल तर मालावर भरलेल्या कराची वजावट आपल्याला मिळते. अशा वेळी पॅकेजमध्ये मालाचे दर करविरहित हवेत आणि कर शेवटी, एकूण रकमेवर, १८ टक्क्यांनी एकदाच लागला पाहिजे. बिलावरची करासहित किंमत पॅकेजमध्ये भरून वर पुन्हा १८ टक्के लावले तर १ लाख रुपयांचा माल आधी १,१८,००० आणि मग १,३९,२४० होतो. योग्य हिशेबाने तो १,१८,००० लाच पडला असता. २१,२४० रुपये ग्राहकाने विनाकारण जास्त द्यायचे, तर तो दुसरा ठेकेदार शोधणारच. याउलट, वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने आपण नोंदणीच केलेली नसेल, तर ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि वजावटही मिळत नाही. तेव्हा मालाचे दर करासहितच धरावे लागतात. एकच फाइल दोन वेगळ्या नोंदणीच्या माणसांना जशीच्या तशी चालत नाही ती यामुळे. आपल्या करसल्लागाराकडून हे एकदा तपासून घ्या.

नफ्याचेही असेच आहे. मित्राच्या दरांत त्याचा नफा आधीच मिसळलेला आहे का, हे त्याला स्पष्ट विचारा, कारण असेल तर आपण त्यावर आपला नफा चढवत आहात. माझ्या मते पॅकेजमध्ये निव्वळ खर्चच असावा आणि आस्थापना खर्च व नफा सर्वांत शेवटी, एकाच ठिकाणी, उघड दिसावा. शेवटी तो लावतानाही आकडा नीट समजून लावावा : ४ लाखांच्या खर्चावर २० टक्के चढवले की बिल ४,८०,००० चे होते आणि नफा त्या बिलाच्या साडेसोळा-पावणेसतरा टक्केच असतो. बिलाच्या २० टक्के हवे असतील तर खर्चावर २५ टक्के चढवून बिल ५ लाखांचे करावे लागते. अनपेक्षित खर्चाची तरतूद नफ्यात धरू नका. जुन्या सदनिकेच्या कामाला ती मी ८ ते १० टक्के ठेवीन, आणि संकनची तात्पुरती रक्कम तिच्याबाहेर.

‘टू बीएचकेचे किती होतील’ या फोनवरच्या प्रश्नाला मात्र पॅकेज उत्तम उत्तर देते. तिथे एकच आकडा न सांगता किमान-कमाल सांगा, आणि त्यामागची गृहीतके त्याच श्वासात सांगा : इतक्या मापाची दोन बाथरूम, सात फुटांपर्यंत टाइल, संकन न फोडता, लिफ्ट आहे असे धरून. हाच मजकूर लगेच संदेशाने पाठवा आणि आकडा पंधरा दिवसांपुरता आहे हे त्यात लिहा. ग्राहक पुढे आला की जागेवर जाऊन मोजमाप घ्या. त्याचे माफक शुल्क घेऊन ते पहिल्या बिलातून वळते करण्याची पद्धत मला योग्य वाटते. जो ते द्यायलाही तयार नसतो तो बहुधा शेजाऱ्याच्या ठेकेदाराशी घासाघीस करण्यासाठी आकडा गोळा करत असतो.

ग्राहकाला द्यायच्या कागदावर सत्तर ओळी नकोत, त्याला पॅकेजनिहाय बेरजा पुरतात. मात्र ‘या बेरजांत काय धरलेले नाही’ ही यादी पहिल्याच पानावर ठळक असावी. तोडफोडीचा खर्च, संकनची तात्पुरती रक्कम, सोसायटीची अनामत, भार वाढवण्याचे शुल्क, ग्राहक स्वतः आणणार असलेले नळ व दिवे, हे सगळे तिथे यावे. काम संपल्यावर प्रत्येक पॅकेजच्या शेजारी प्रत्यक्ष लागलेले परिमाण भरून ठेवा. पाच-सहा कामांनंतर मित्राचे आकडे मागे पडून आपल्या मिस्त्रींचे, आपल्या भागातले आकडे हाती येतील.

पुढच्या आठवड्यातल्या कामाबद्दल. मालक ‘गळती नाही’ म्हणतात, पण गळती असली तरी ती त्यांना दिसत नाही, खालच्यांना दिसते. अंदाजपत्रक देण्यापूर्वी त्यांच्या परवानगीने पहिल्या मजल्यावर जाऊन दोन्ही बाथरूमखालचे छत पाहा. ओल, पोपडे किंवा नुकताच दिलेला रंग यांपैकी काही आहे का ते टिपा आणि फोटो घ्या. छत कोरडे असेल तर जुन्या टाइलवरच चिकटद्रव्याने नवी टाइल बसवण्याचा पर्यायही ठेवता येईल. मात्र आधी ठोकून पाहून पोकळ वाजणाऱ्या टाइल काढाव्या लागतील, जमिनीची पातळी अर्धा ते पाऊण इंच वर येईल, दरवाजा खालून कापावा लागेल, ट्रॅपची जाळी उचलावी लागेल आणि उंबरा आतल्या नव्या फरशीपेक्षा खाली राहत नाही ना ते पाहावे लागेल. छत ओले निघाले तर फक्त टाइल बदलण्याचे काम घेऊच नका. छत कोरडे असेल तर मालकांना दोन स्वतंत्र अंदाजपत्रके द्या, एक टाइलवर टाइलचे आणि एक संकनसह पूर्ण कामाचे, आणि पहिल्यावर ‘गळतीची हमी यात समाविष्ट नाही’ असे लिहून त्यांची सही घ्या.